गमबूट : चिखलात उतरणाऱ्या पायांचा हक्क

मृग नक्षत्र लागले की कोकणातल्या बाजारपेठांत दुकानांच्या दारावर छत्र्या, रेनकोट, प्लॅस्टिकचे कापड आणि काळे गमबूट टांगलेले दिसू लागतात. छत्री आपण माणशी एक घेतो. मुलांना रेनकोट घेतो. गमबुटांचा मात्र बहुतेक घरांत एकच जोड येतो आणि तोही घरातल्या कर्त्या पुरुषाच्या मापाचा. तो जोड पडवीत उभा असतो आणि घरची बाई मात्र अनवाणी पायांनी गोठा काढत असते. मजूर अनवाणी बांधावर गवत कापत असतो. जोड कुणी विकत घेतला एवढेच पाहिले जाते. चिखलात कोण उतरते, हे पाहिले जात नाही.

या लेखात आम्हाला एवढीच एक गोष्ट मांडायची आहे : गमबूट ही मालकाची शोभा नाही. ज्याचे पाय चिखलात जातात त्याचा तो हक्क आहे. हे वैद्यकाच्या दृष्टीने खरे आहे, इतिहासाने शिकवलेले आहे आणि आपल्या दीनच्या शिकवणुकीलाही धरून आहे.

नावामागचा इतिहास

'गम' म्हणजे रबर, म्हणून गमबूट. इंग्रज लोक याला आजही 'वेलिंग्टन' म्हणतात. ज्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनवरून हे नाव पडले तो आर्थर वेलस्ली आपल्या इतिहासाला अनोळखी नाही. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले आणि टिपू सुलतान शहीद झाले. त्या मोहिमेत हा वेलस्ली कर्नल होता आणि पुढे श्रीरंगपट्टणचा कारभारही त्याच्याकडेच आला. ऑगस्ट १८०३ मध्ये त्याने अहमदनगरचा किल्ला घेतला आणि २३ सप्टेंबर १८०३ रोजी असई येथे मराठ्यांच्या फौजेशी मोठी लढाई केली. हे असई आजच्या जालना जिल्ह्यात आहे. पुढे इंग्लंडात त्याने लंडनमधल्या आपल्या चांभाराकडून जुन्या लष्करी बुटात फेरफार करून एक सुटसुटीत उंच बूट करवून घेतला. लोकांनी त्याला सरदाराचे नाव दिले. पण तो बूट कातड्याचा होता आणि बड्या लोकांच्या मिरवण्याचा होता.

चिखलात तो उतरला रबरामुळे. कच्चे रबर उन्हात चिकट होते आणि थंडीत कडक होऊन तडकते, त्यामुळे त्याचा बूट टिकत नसे. अमेरिकेतल्या चार्ल्स गुडइयर याला १८३९ मध्ये असे आढळले की रबरात गंधक मिसळून ते तापवले तर हा दोष जातो. १८४४ मध्ये त्याने पेटंट घेतले. पादत्राणांसाठी हे तंत्र वापरण्याचा हक्क हायरम हचिन्सन या दुसऱ्या अमेरिकन माणसाने त्याच्याकडून विकत घेतला आणि १८५३ मध्ये फ्रान्समध्ये रबरी बुटांचा कारखाना काढला. लाकडी खडावांसारखे जोडे घालून ओल्या शेतात राबणाऱ्या तिथल्या शेतकऱ्यांनी हे बूट हातोहात उचलले. सरदाराचा बूट असा शेतकऱ्याचा झाला.

या इतिहासातला सगळ्यांत बोलका भाग पहिल्या महायुद्धातला आहे. फ्रान्स आणि बेल्जियममधले खंदक हिवाळ्यात पाण्याने भरून जात. त्या थंड पाण्यात दिवसेंदिवस उभे राहून सैनिकांचे पाय सुजत, बधिर होत, काळे पडत आणि शेवटी कापावे लागत. या रोगाला 'ट्रेंच फूट' असे नावच पडले. आपल्या देशातले सैनिकही १९१४ च्या शरद ऋतूपासून तिथे होते आणि त्यांत मुसलमानांची संख्या मोठी होती. व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे पहिले हिंदी सैनिक शिपाई खुदादाद खान यांनी ३१ ऑक्टोबर १९१४ रोजी ज्या मोर्चावर झुंज दिली, तो बेल्जियममधला हा असाच ओला, सखल मुलूख होता.

गोळी न लागता माणसे निकामी होऊ लागली तेव्हा ब्रिटिश सरकारने एडिंबरोच्या नॉर्थ ब्रिटिश रबर कंपनीकडून रबरी बूट मागवले. युद्ध संपेपर्यंत या एका कंपनीने ११ लाख ८५ हजारांहून जास्त जोड बनवले. लष्कराला कळून चुकले की माणसाला चिखलात उभे करणाऱ्यानेच त्याच्या पायांची जबाबदारी घ्यावी लागते. आपल्या शेताच्या मालकांना हे अजून उमजायचे आहे.

चिखलात काय असते?

आपले आजोबा अनवाणी शेती करत, त्यांना काही झाले नाही, असे पुष्कळजण म्हणतात. त्यांनाही होत असे, पण त्याचे नाव कुणाला ठाऊक नव्हते. 'काविळीने गेला', 'तापाने गेला' असे म्हणून माणूस दफन होई.

त्यांतल्या एका तापाचे नाव आज आपल्याला माहीत आहे. ते म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, बोलण्यातला 'लेप्टो'. उंदीर, घुशी, गुरे, कुत्री यांच्या लघवीतून याचे जंतू पाण्यात आणि चिखलात मिसळतात. माणसाच्या पायावरची जखम, भेग, ओरखडा, पाण्याने मऊ पडलेली कातडी यांतून ते शरीरात शिरतात. १८८६ मध्ये जर्मनीच्या अॅडॉल्फ वाइल याने या रोगाच्या गंभीर प्रकाराचे वर्णन केले आणि १९१५ मध्ये जपानमध्ये इनादा आणि इदो या डॉक्टरांनी याचा जंतू शोधला. तिथे तो कोळशाच्या खाणीत ओल्यात काम करणाऱ्या मजुरांमध्ये आढळला. भातशेती, खाण, गटार, कत्तलखाना, गोठा, जिथे पाय ओले आणि जनावर जवळ, तिथे हा रोग दबा धरून असतो.

जंतू शिरल्यापासून ताप येईपर्यंत बहुधा ५ ते १४ दिवस जातात. कधी २ दिवसांत, तर कधी महिन्यानेही ताप येतो. तोवर आपण चिखल विसरलेलो असतो. म्हणून पावसाळ्यात जोराचा ताप, डोकेदुखी, पोटऱ्यांत असह्य दुखणे, डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसली तर डॉक्टरांना पहिली गोष्ट हीच सांगावी की मागच्या महिन्यात आपण चिखलात, शेतात किंवा पुराच्या पाण्यात काम केले होते. या एका वाक्याने निदान लवकर होते. लवकर औषध मिळाले तर रोगी बहुधा बरा होतो. उशीर झाला तर कावीळ, मूत्रपिंड निकामी होणे, फुप्फुसात रक्तस्राव इथपर्यंत गोष्ट जाते.

दुसरा शत्रू आतड्यातला अंकुशकृमी. शौचाने दूषित झालेल्या ओल्या मातीत याच्या अळ्या असतात. त्या अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात आणि शेवटी आतड्याला चिकटून रक्त पितात. घरातली बाई सारखी दमते, मूल फिकट दिसते, आणि आपण म्हणतो की अंगात रक्त कमी आहे. ते का कमी आहे हे शोधताना पायांकडे कुणी पाहत नाही.

तिसरा त्रास प्रत्येक कोकणी माणसाला ठाऊक आहे, चिखल्या. बोटांच्या बेचक्यांत कातडी पांढरी पडते, फाटते, आग होते. हे दुखणे किरकोळ समजले जाते, पण ही फाटलेली कातडीच लेप्टोच्या जंतूला दार उघडून देते. घरात कुणाला मधुमेह असेल तर ही छोटी जखम चिघळून पाय गमावण्याची पाळी येऊ शकते.

चौथा धोका सापाचा. फुरसे, घोणस, मण्यार, नाग हे चारही विषारी साप आपल्या राज्यात आहेत. त्यांतले फुरसे आणि घोणस गवतात, पाचोळ्यात, दगडांत पडून असतात आणि पाय पडला की चावतात. दंश बहुधा पावलावर, घोट्यावर किंवा पोटरीच्या खालच्या भागात होतो. नेमका तेवढाच भाग गमबूट झाकतो. बूट घातला म्हणजे साप चावणारच नाही असे नाही, पण धोका पुष्कळ कमी होतो. चावलाच तर जखम कापू नये, आवळून बांधू नये, झाडफूक करण्यात वेळ घालवू नये. पाय हलू न देता सरळ सरकारी रुग्णालय गाठावे.

पूर ओसरल्यानंतर

हा विषय फक्त शेतकऱ्यांचा नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. लाखो लोक कंबरभर पाण्यातून चालत घरी गेले. पाणी ओसरल्यावर काही दिवसांनी रुग्णालयांत लेप्टोचे रोगी वाढू लागले. शहराला या रोगाचे नाव तेव्हा पाठ झाले.

चिपळूणची गोष्ट तर ताजी आहे. २१ जुलै २०२१ रोजी बकरी ईद होती. त्या रात्री वाशिष्ठीचे पाणी चढत गेले आणि २२ जुलैला बाजारपेठ पाण्याखाली होती. पाणी उतरले तेव्हा घराघरांत आणि दुकानादुकानांत चिखलाचा थर होता. पुरानंतरच्या अशा दिवसांत आसपासच्या गावांतून माणसे फावडी, खराटे, बादल्या घेऊन मदतीला धावतात. त्यांत आपले तरुण असतात, शेजारच्या वाडीतले हिंदू तरुण असतात, शाळा-कॉलेजची मुले असतात. ही खिदमत मोठी आहे. पण त्या चिखलात फुटक्या काचा, पत्रे, मेलेली जनावरे, शौचकूपांचे पाणी सगळे असते आणि त्यात पुष्कळ मुले चपला घालून किंवा अनवाणी उतरतात. मदतीला जाताना तांदळाच्या पिशवीबरोबर गमबुटांचे दहा जोड नेले तर त्यांचा उपयोग तांदळाइतकाच आहे.

बकरी ईद पावसाळ्यात येते त्या वर्षांत कुर्बानीच्या जागीही हेच लक्षात ठेवावे. जनावर धरणारे, कापणारे आणि नंतर जागा धुणारे लोक तासन्‌तास रक्त, लघवी आणि पाण्यात उभे असतात. कसाई अनुभवी असतो, पण त्याचा पाय लोखंडाचा नसतो.

शेतात कोण उतरते?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कोकणातल्या आपल्या पुष्कळ घरांत कर्ता पुरुष आखातात किंवा मुंबईत असतो. शेत अर्धेलीने किंवा मजुरांकडून लावून घेतले जाते. देखरेख करतात घरच्या आई, चाची, सुना. लावणी वाकून कोण करते? मजूर बाया. गोठा कोण काढते? घरची बाई. परसातल्या ओल्यात, चुलीच्या लाकडांच्या ढिगाऱ्यात, विहिरीच्या शेवाळावर दिवसातून दहा वेळा कोण जाते? तीच.

आणि बूट कुणाच्या मापाचे मिळतात? अनेक दुकानांत मोठ्यांचे गमबूट ६ नंबरापासून पुढे असतात. लहान मुलांचे रंगीत बूट मिळतात. चार-पाच नंबरचा पाय असलेल्या बाईने विचारले तर दुकानदार म्हणतो, "दोन मोजे घाला, बसेल." बूट मोठा असला की पाय आत सरकतो, टाच सोलवटते, चिखलात पाय उचलताना बूट मागेच राहतो. मग बाई दोन दिवसांत तो काढून ठेवते आणि घरचे म्हणतात, "बायकांना सवयच नाही." सवयीचा दोष नाही, मापाचा आहे. दुकानदाराकडे चार जणींनी मिळून मागणी केली तर तो लहान नंबर मागवून देतो. माल मागणीप्रमाणेच येतो.

मजुरांची गोष्ट यापुढची आहे. हजरत अबू जर (रजि.) यांच्याकडून बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत एक हदीस आली आहे. तिचा मतितार्थ असा की तुमच्या हाताखाली काम करणारे तुमचे भाऊ आहेत. तुम्ही जे खाता ते त्यांना खाऊ घाला, जे नेसता ते त्यांना नेसायला द्या आणि झेपणार नाही असे काम त्यांच्यावर लादू नका. लादलेच तर स्वतः हात लावा. मजुरी ठरल्याप्रमाणे दिली म्हणजे मालक मोकळा झाला असे आपल्याला वाटते. पण आपण बांधावर बूट घालून उभे आणि चार माणसे आपल्याच शेतात अनवाणी, हे दृश्य या हदीसपुढे कसे उभे राहणार? हंगामाला मजुरांसाठी चार जोड घेऊन ठेवले तर काही शे रुपयांचा एक जोड नीट निगेने दोन-तीन पावसाळे जातो. दवाखान्याच्या एका दिवसाच्या बिलापुढे हा खर्च काहीच नाही.

लावणीचा चिखल आणि बूट

इथे एक खरी अडचण मान्य केली पाहिजे. चिखलणी केलेल्या खाचरात साधा गमबूट चालत नाही. चिखल बुटाला धरून ठेवतो, पाऊल उचलत नाही, वरून पाणी आत शिरते. लावणी करणाऱ्या बाया बूट नाकारतात तो आळस नव्हे, अनुभव आहे. जपानमध्ये भातलावणीसाठी पायाला घट्ट बसणारे, पातळ रबराचे, पोटरीला पट्ट्याने आवळायचे वेगळे लांब बूट असतात. तसे आपल्या बाजारात सहज मिळू लागेपर्यंत लावणीसाठी दुसरे उपाय करावे लागतील.

पायावर जखम, भेग किंवा चिखल्या असतील तर त्या दिवशी खाचरात उतरू नये. जावेच लागले तर जखम पाणी न लागणाऱ्या पट्टीने बंद करावी. काम संपताच साबणाने पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसाव्यात. जोखमीच्या भागांत आरोग्य विभाग लावणीच्या काळात डॉक्सीसायक्लिन या गोळ्या प्रतिबंधासाठी देतो. नेहमीचे प्रमाण मोठ्या माणसाला आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम असे असते. पण या गोळ्या गरोदर बायांनी आणि लहान मुलांनी घ्यायच्या नसतात, त्यांच्यासाठी वेगळे औषध असते. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारूनच घ्याव्यात, शेजारणीच्या पुडीतून नव्हे.

लावणी मात्र थोड्या दिवसांची असते. बांध घालणे, गवत कापणे, बेणणी, गोठा, शेणखत भरणे, कापणी, बागेतली साफसफाई, पाट मोकळा करणे ही बाकीची सगळी कामे बुटात होतात. लावणीत बूट चालत नाही म्हणून वर्षभर अनवाणी राहायचे, हे पटण्यासारखे नाही.

वुजू, मसह आणि गमबूट

शेतावर जोहरची वेळ झाली की प्रश्न पडतो : बूट काढून पाय धुवायचे की वरून मसह चालेल?

चामडी मोज्यांवर, म्हणजे खुफ्फवर, मसह करणे सुन्नतने साबित आहे. हबशाचा बादशहा नजाशी याने प्रेषित मुहम्मद (स.) यांना दोन काळे खुफ्फ भेट पाठवले होते. ते त्यांनी घातले आणि वुजू करताना त्यांवर मसह केला, ही रिवायत अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्याकडे आहे. हजरत मुगीरा बिन शोअबा (रजि.) यांच्या हदीसवरून कळते की खुफ्फ पाक पायांवर, वुजू असताना घातलेले असावेत. मुक्कामी माणसासाठी एक दिवस-रात्र आणि मुसाफिरासाठी तीन दिवस-रात्री ही मुदत हजरत अली (रजि.) यांच्या रिवायतीत आहे. घातल्यानंतर पहिल्यांदा वुजू तुटतो तेव्हापासून ही मुदत मोजतात.

उलमांनी मोज्यांसाठी ज्या अटी सांगितल्या आहेत, म्हणजे घोट्यापर्यंतचा पाय झाकणे, चालता येण्याजोगे मजबूत असणे, पाणी आत न झिरपणे, त्या चांगला गमबूट पुऱ्या करतो. फरक फाटलेल्या बुटाचा आहे. हनफी मसलकमध्ये पायाच्या तीन लहान बोटांएवढे भोक पडले तर मसह चालत नाही, त्याहून लहान भोक माफ आहे. शाफई मसलकमध्ये धुवायच्या पायाचा थोडाही भाग उघडा पडला तर चालत नाही. कोकणातली आपली बहुतेक घरे शाफई आणि देशावरची बहुतेक हनफी, म्हणून ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारून घ्यावे. मसह बुटाच्या वरच्या बाजूला करायचा असतो, तळाला नाही. गुस्ल फर्ज असेल तर बूट काढावाच लागतो. बाईला आणि पुरुषाला मसला एकच आहे.

एक गोष्ट मात्र विसरू नये. शेतातल्या चिखलात शेण असते, गोठ्यात तर असतेच. असा बूट घालून नमाज पढायची तर आधी तो वरून आणि तळातून स्वच्छ धुतला पाहिजे. शिवाय मसह ही रुखसत आहे, सवलत आहे. शक्य असेल तेव्हा दुपारी बूट काढून पाय धुणे चांगले. नमाजही निर्वेध होते आणि सकाळपासून कोंडलेल्या पायांना वाराही लागतो.

खरेदी आणि निगा

बाजारात 'रबरी' म्हणून मिळणारे पुष्कळ स्वस्त बूट पीव्हीसीचे असतात. ते वाईट नाहीत, पण उन्हात ठेवले की कडक होतात आणि घडीवर तडकतात. खरे रबर लवचिक असते, महागही असते. कोणताही बूट घेताना सुती मोजा घालूनच माप पाहावे. बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा असावी, पण टाच वर-खाली सरकू नये. तळाचे खाचे खोल असावेत, नाहीतर शेवाळावर घसरगुंडी ठरलेली. घरी आणल्यावर बुटात पाणी भरून थोडा वेळ ठेवावे. सांध्यातून गळती असेल तर त्याच दिवशी बदलून घेता येते.

बुटात सुती मोजे घालावेत आणि ते रोज धुवावेत. ओला मोजा दिवसभर बुटात ठेवला तर ज्या चिखल्या टाळायच्या त्याच होतात. काम संपल्यावर बूट आतून-बाहेरून धुऊन सावलीत उलटे टांगावेत किंवा खुंटीवर पालथे घालावेत. आत वर्तमानपत्राचे बोळे घातले तर लवकर सुकतात. रॉकेल, डिझेल लागू देऊ नये, त्याने रबर फुगते. रबरी बुटाला लहान भोक पडले तर सायकलच्या ट्यूबसारखा पॅच बसतो, पीव्हीसीला तो धरत नाही.

घालण्यापूर्वी बूट उलटा करून झटकणे कधीही चुकवू नये. मोजे झटकल्याशिवाय घालू नयेत, या अर्थाची रिवायत तबरानीच्या संग्रहात आहे आणि अनुभवही तेच सांगतो. पावसात विंचू, गोम, कधी सापाचे पिल्लूही कोरड्या बुटात आसरा घेते. कोकणातला लाल विंचू तर हृदयावर घाला घालणारा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्यावरच्या उपचारावर काम केले आणि अनेक जीव वाचले. तरी दवाखान्यात जाण्यापेक्षा बूट झटकणे सोपे.

दोन गैरसमजही दूर करावेत. गमबूट घातला म्हणजे विजेचा धक्का लागत नाही, असे समजून ओल्या हाताने मोटारीच्या पेटीला हात घालू नये. साधा गमबूट ओला झालेला किंवा फाटलेला असला तर तो कोणतीही हमी देत नाही. दुसरे, वाहत्या पऱ्ह्यातून जाताना किंवा मासेमारीच्या बोटीवर बूट पाण्याने भरला तर तो ओझे होतो. म्हणून बोटीवर काम करणाऱ्यांनी पायाच्या झटक्याने निघेल इतपत सैल बूट वापरावा.

जमातने काय करावे?

शेवटी एक सूचना आमच्या गावोगावच्या जमातींना. पावसाळ्यात मय्यत झाली की कबर खोदणाऱ्यांचे काय हाल होतात हे सगळ्यांनी पाहिले आहे. एकीकडे खोदायचे, दुसरीकडे बादलीने पाणी उपसायचे, मातीची भिंत खचू द्यायची नाही. हे फर्जे किफाया आहे. चार माणसे ते करतात म्हणून सगळ्या गावाची जबाबदारी उतरते. जमातच्या सामानात जनाजा असतो, फावडी, घमेली, ताडपत्री असते. त्यात चार-सहा जोड गमबूट, वेगवेगळ्या नंबरांचे, का नसावेत? पूर आला, विहीर उपसायची झाली, मदरशाचे गटार तुंबले तर तेच उपयोगी पडतील.

सदका द्यायचा असतो तेव्हा आपण अन्न आणि कपडे देतो. या मोसमात एखाद्याने शेतमजूर बाईला, सफाई कामगाराला किंवा लांबून चिखल तुडवत शाळेत येणाऱ्या मुलाला त्याच्या मापाचा एक जोड द्यावा. देताना नंबर विचारून घ्यावा. मापाशिवाय दिलेला बूट हा देणाऱ्याचे समाधान असतो, घेणाऱ्याच्या उपयोगाचा नसतो.

शरीर ही अल्लाहची अमानत आहे, हे आपण मुलांना शिकवतो. ती अमानत आपल्या एकट्याच्या शरीरापुरती नाही. आपल्या घरात, आपल्या शेतात, आपल्या कामावर जे राबतात त्यांचे पायही त्यात येतात. या वर्षी बाजारात जाल तेव्हा आधी घरात विचारा, चिखलात कोण कोण उतरते, आणि त्यांचे नंबर चिठ्ठीवर लिहून न्या. अल्लाह सगळ्यांना सेहत आणि आफियत देवो. आमीन.